घरगुती डीव्हीडीचे सॉफ्टवेअर: निवडीमागची पार्श्वभूमी

जळगाव, धुळे, नंदुरबार भागात लग्नाचे शूटिंग आता बहुतेक वेळा पेन ड्राइव्हवरच हातात येते. तरीही घरातल्या जुन्या व्हीएचएस आणि मिनी डीव्ही कॅसेट डीव्हीडीवर उतरवून मागणारी कुटुंबे आहेत, आणि त्यासाठी सॉफ्टवेअर कोणते घ्यावे हा प्रश्न अजूनही विचारला जातो. मेनूची नक्षी आणि तयार टेम्प्लेट पाहून ही निवड करण्याची सवय फार जुनी आहे, पण निकाल त्यावर कधीच ठरला नाही. एम्पेग-२ मध्ये, म्हणजे डीव्हीडीवरील चित्र ज्या आकुंचित स्वरूपात साठवतात त्यात, आधीच तयार असलेली फाइल सॉफ्टवेअर तशीच डिस्कवर नेते की पुन्हा एन्कोड करते, म्हणजे नव्याने आकुंचित करते, यावर तो ठरत आला आहे.

डीव्हीडीच्या आधी व्हिडिओ सीडी होती. तिचे चित्र ३५२ × २८८ बिंदूंचे असे आणि एका सीडीवर सुमारे ७४ मिनिटे मावत, त्यामुळे तीन तासांच्या लग्नाला तीन सीडी लागत. डीव्हीडी प्लेअर १९९६ च्या अखेरीस जपानमध्ये विक्रीला आले. घरच्या संगणकावर डीव्हीडी राईट करणे परवडू लागायला पुढे बरीच वर्षे गेली. आपल्याकडील पाल या टीव्ही पद्धतीत चित्र ७२० × ५७६ झाले, एका थराच्या डिस्कची क्षमता ४.७ जीबी झाली, आणि तीन सीडींचे काम एकाच डिस्कवर व्हावे ही अपेक्षा ग्राहकाच्या मनात पक्की बसली.

खरा वाद या अपेक्षेतूनच उभा राहिला. आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) सुमारास लग्नांची दाटी असे, आणि हळद, मांडव, वरात व सप्तपदी मिळून मिक्सिंग केलेले चित्रीकरण सहज तीन तासांचे होई. ४.७ जीबी जागा एका तासाला वापरली, तर चित्र आणि आवाजाच्या माहितीला सेकंदाला सुमारे १० मेगाबिट मिळतात, म्हणजे डीव्हीडीच्या नियमातील कमाल मर्यादेइतके. दोन तासांना ५.२ मेगाबिट मिळतात आणि तीन तासांना जेमतेम साडेतीन. या साडेतीन मेगाबिटमध्येच आवाजही बसवावा लागतो. दोन डिस्क कराव्यात असे म्हणणारे आणि एकाच डिस्कवर कोंबणारे असे दोन पक्ष पडले. माझ्या मते पहिल्या पक्षाचेच बरोबर होते. साडेतीन मेगाबिटमध्ये हळदीचा पिवळा रंग चौकोनी डागांत फुटतो आणि शालूची जर दिसेनाशी होते. परंतु ग्राहक डिस्क मोजून घेत असे, चित्र निरखून नाही.

सॉफ्टवेअरच्या निवडीचे महत्त्व येथेच कळते. टीएमपीजीएन्क डीव्हीडी ऑथर हे सॉफ्टवेअर नियमात बसणारी एम्पेग-२ फाइल न बदलता तिला मेनू आणि चॅप्टर जोडून देत असे, आणि युलीड डीव्हीडी मूव्हीफॅक्टरीमध्ये अशी फाइल बदलू नये अशी खूण करण्याची सोय होती. जेथे ही सोय नव्हती, किंवा ती खूण कोणी शोधलीच नाही, तेथे आधीच एकदा आकुंचित झालेले चित्र पुन्हा आकुंचित होई आणि रेंडर, म्हणजे नवी फाइल बनवण्याचे काम, रात्रभर चाले. भारनियमनाच्या त्या वर्षांत मध्यरात्री वीज गेली, की ते काम पहिल्यापासून लावावे लागे. अमेरिकी बाजारासाठी बनलेली काही सॉफ्टवेअर मुळात एनटीएससीवर, म्हणजे तिकडच्या टीव्ही पद्धतीवर, लावलेली येत, त्यामुळे सेकंदाला २५ चौकटींचे चित्रीकरण २९.९७ वर नेले जाई आणि वरातीतील चाल अडखळत दिसे. फील्डचा, म्हणजे एका चौकटीच्या एकाआड एक रेषांच्या दोन अर्ध्या भागांचा, क्रमही असाच नडे. मिनी डीव्हीमध्ये खालचे फील्ड आधी असते. सॉफ्टवेअरने ते वरचे धरले, तर बँडपुढे नाचणाऱ्यांचे हात जागीच थरथरत आणि संगणकावर थांबवलेल्या चौकटीत त्यांच्या कडा कंगव्याच्या दातांसारख्या दिसत.

आवाजाकडे सर्वांत कमी लक्ष गेले. एसी-३ या आवाज आकुंचित करण्याच्या पद्धतीचे परवानाशुल्क टाळण्यासाठी अनेक स्वस्त सॉफ्टवेअरमध्ये ती सोय नसे किंवा ती वेगळी विकत घ्यावी लागे. अशा वेळी आवाज पीसीएममध्ये, म्हणजे आकुंचित न करता, गेला, तर तो एकटाच सेकंदाला दीड मेगाबिट खाई. एसी-३ मध्ये तेच काम सुमारे ०.२ मेगाबिटमध्ये होते. तीन तासांच्या डिस्कवर हा फरक चित्राचा जीव वाचवणारा ठरला असता.

पुढची उलथापालथ वेगाने झाली. विंडोज व्हिस्टाबरोबर आलेल्या डीव्हीडी मेकरने घरगुती कामे सोपी केली, पण त्यात एका डिस्कवर १५० मिनिटांची मर्यादा होती, आणि २०१२ च्या विंडोज ८ मधून तो काढून टाकण्यात आला. अ‍ॅडोबी एन्कोर या डीव्हीडी बनवण्याच्या सॉफ्टवेअरची वाटचाल सीएस६ या आवृत्तीवर थांबली. एसी-३ ची पेटंट २०१७ मध्ये आणि एम्पेग-२ ची अमेरिकेतील पेटंट २०१८ मध्ये संपल्याने मोफत सॉफ्टवेअरवरील अडसर दूर झाला. आज नव्याने निवड करणाऱ्याला डीव्हीडीस्टायलर हे मोफत सॉफ्टवेअर पुरेसे आहे; नियमात बसणारी फाइल एन्कोड न करता घेण्याचा पर्याय त्यात आहे आणि तो हाताने निवडावा.

आता उलट दिशेचे काम वाढले आहे: जुन्या डीव्हीडीवरील लग्न मोबाइलवर पाहता यावे म्हणून व्हीओबी फाइली (डिस्कवरील चित्र-आवाजाच्या फाइली) तेवढ्या उचलून पेन ड्राइव्हवर टाकल्या जातात. या फाइली सुमारे एक-एक जीबीवर तोडलेल्या असतात आणि त्यांचा क्रम व चॅप्टर आयएफओ फाइलींत नोंदलेले असतात, म्हणून पूर्ण व्हिडिओ_टीएस फोल्डर आधी उतरवून घ्यावे आणि मेकएमकेव्हीसारख्या, चित्र पुन्हा एन्कोड न करणाऱ्या सॉफ्टवेअरने त्याची अखंड फाइल करावी.