सवयी, हितकर व अहितकर

विशिष्ट वेळी वा ठिकाणी तीच कृती पुनःपुन्हा केल्यामुळे ती पुढे विचाराशिवाय घडू लागते, तेव्हा तिला सवय म्हणतात. व्यसन जडते, खोड लागते, चांगली सवय मात्र लावून घ्यावी लागते. हा भेद मराठीच्या क्रियापदांतच आहे. मेंदूत मात्र दोहोंची घडण वेगळी नसते. पुनरावृत्तीने पक्क्या झालेल्या कृतींचे नियंत्रण दोन्ही बाबतींत बेसल गँग्लिया या मेंदूच्या खोल भागातील केंद्रसमूहाकडे मोठ्या प्रमाणात जाते.

फरक पडतो तो फळ मिळण्याच्या वेळेमुळे. समाधान देणारी कृती पुन्हा केली जाते, हा अमेरिकी मानसशास्त्रज्ञ एडवर्ड थॉर्नडाइक यांचा परिणामाचा नियम. समाधान जितके लगेच मिळेल तितकी ही गाठ घट्ट बसते. सिगारेटच्या झुरक्यातील निकोटीन साधारण १० ते २० सेकंदांत मेंदूपर्यंत पोचते. तळहातावर तंबाखूला चुना लावून अंगठ्याने मळणाऱ्याला तेवढी घाई साधत नाही, तरी तलफ भागते ती काही मिनिटांतच. रोजच्या चालण्याने उतरणारा रक्तदाब दिसण्यास मात्र काही आठवडे जावे लागतात. दूरच्या फळाचे मोल मनात कसे घटते, याचे विवेचन अमेरिकी मनोविकारतज्ज्ञ जॉर्ज एन्स्ली यांनी १९७५ मध्ये केले. आरंभी विषासारखे व परिणामी अमृतासारखे ते सात्त्विक सुख आणि याच्या उलट ते राजस, हे भगवद्गीतेतील वर्गीकरण (१८.३७–३८) याच कालभेदावर उभे आहे.

सवय रुजण्यास किती दिवस लागतात, याविषयी मतभेद आहेत. २१ दिवसांचा लोकप्रिय आकडा मॅक्सवेल मॉल्ट्झ या शल्यविशारदाच्या १९६० मधील निरीक्षणांवरून प्रचारात आला असावा. फिलिपा लॅली व सहकाऱ्यांनी लंडनमध्ये ९६ जणांवर केलेल्या अभ्यासात मध्यक (क्रमाने मांडल्यास मधोमध येणारा आकडा) ६६ दिवस आणि विस्तार १८ ते २५४ दिवस असा आला. निरीक्षणाचा काळ १२ आठवड्यांचाच असल्याने वरचा आकडा गणिती वक्र पुढे वाढवून काढलेला आहे, हे तो उद्धृत करताना सहसा सांगितले जात नाही. पेलाभर पाणी पिण्यासारखी साधी कृती व्यायामापेक्षा लवकर अंगवळणी पडते, हा निष्कर्ष अधिक भरवशाचा वाटतो.

आयुर्वेदात हा विषय ‘सात्म्य’, म्हणजे सवयीने शरीराला मानवणारे, या संकल्पनेखाली येतो. चरकसंहितेत (सूत्रस्थान, ७) सवयीचे अहित क्रमाक्रमाने सोडावे व हित क्रमाक्रमाने स्वीकारावे, असे सांगून या क्रमाला ‘पादांशिक’ म्हटले आहे. ‘पाद हाच अंश’ असा विग्रह केल्यास चतुर्थांश, तर ‘पादाचा अंश’ असा केल्यास त्याहून लहान भाग निघतो. साधारणतः सातव्या शतकातील मानल्या जाणाऱ्या वाग्भटाने अष्टांगहृदयात ‘पादेन’ व ‘पादपादेन वा’ असे दोन्ही पर्याय, म्हणजे चतुर्थांश अथवा षोडशांश, दिले आहेत. या टप्प्यांमध्ये एक, दोन, तीन असे जे अंतर पुढे सांगितले आहे, ते दिवसांचे की भोजनकाळांचे, यावरही दुमत संभवते. संदर्भ अन्नपानाचा असल्याने भोजनकाळ हा अर्थ अधिक जुळतो. एकदम सोडल्याने अपाय होतो, ही भूमिका दोन्ही ग्रंथांत समान आहे. आजच्या तंबाखूमुक्ती उपचारांत मात्र दिवस ठरवून पूर्ण थांबण्यावरही भर असतो.

जुनी सवय मोडली तरी ती मेंदूतून पुरती पुसली जात नाही. पानाची टपरी, जेवणानंतरची वेळ वा जुनी संगत असा परिचित संकेत मिळताच ती परत येऊ शकते.

नाशिकमध्ये गोल्फ क्लब मैदानावर पहाटे फिरणाऱ्यांचे गट दिसतात. डिसेंबर-जानेवारीच्या कडाक्याच्या थंडीत कानटोपी घालून बाहेर पडण्यास रक्तदाबाचा विचार क्वचितच पुरतो. सोबती वाट पाहत असतो आणि रविवारी फेरी संपल्यावर तर्रीदार मिसळ ठरलेली असते. मिसळीमुळे खर्च झालेल्या उष्मांकांची भरपाई होते, हे खरे. पण फळ त्याच सकाळी हाती पडते.