तीन सूत, दहा एमएम आणि तळाशी गेलेला वायसर

हवा होता फक्त दहा-अकराचा पाना. गाडीच्या बॅटरीचं टर्मिनल सैल झालं होतं. नट आवळायला दोन मिनिटं, आणि पाना शोधायला पाऊण तास. तोही सापडला नाहीच. शेवटी पकडीनं नट आवळला आणि त्याच्या कडा गोल करून ठेवल्या.

इंदूरच्या लोकमान्य नगरातलं आमचं गॅरेज म्हणजे गाडी आत घेतली की माणसानं आडवं होऊन चालायची जागा. मागच्या भिंतीला बाबांचं सागवानी मेज आहे. बाबा मिलच्या वर्कशॉपात होते. मेजाला लावलेला व्हाइस त्यांचा, त्यावर साचलेला ढीग मात्र माझा. 2017 पासून शहर स्वच्छतेत देशात पहिलं येऊन राहिलंय, त्याचा या मेजाशी काही संबंध नाही.

पसारा झाला की शिकलेला माणूस लगेच एंट्रॉपीचं, म्हणजे अव्यवस्था आपोआप वाढत जाते या नियमाचं, नाव घेतो. ते मला अर्धंच पटतं. हत्यारं काही रेणूंसारखी आपणहून धावत नाहीत, त्यांना हलवणारा मीच असतो. पण भौतिकशास्त्रज्ञ लुडविग बोल्ट्झमननं मोजदादीचा जो मुद्दा मांडला, की ज्या अवस्थेचे प्रकार जास्त तीच बहुधा दिसते (त्याचं समीकरण व्हिएन्नात त्याच्या थडग्यावर कोरलेलं आहे), तो मेजालाही लागू पडतो. भिंतीवर दहा खुंट्या आणि दहा हत्यारं घ्या. ती टांगण्याचे एकूण प्रकार 36,28,800. त्यांतला ‘बरोबर’ फक्त एक. घाईत, काळोखात, दुसऱ्या हातात फोन धरून टांगलेलं हत्यार त्या एकाच प्रकारात बसेल अशी अपेक्षा करणं म्हणजे लॉटरीच्या भरवशावर घर चालवणं.

आता खुंट्या काढा आणि दोन ट्रे ठेवा. एकात फिरवायची पाच हत्यारं: पाने, पेचकस वगैरे. दुसऱ्यात कापायची-घासायची पाच: करवत, छिन्नी, कानस. ट्रेच्या आत कोण कुठे पडलंय याची फिकीर नाही. अशा रचनेत बरोबर ठरणारे प्रकार होतात 14,400, म्हणजे दर 252 प्रकारांत एक. हत्यारं तीच, माणूस तोच आळशी, पण चुकायची शक्यता कितीतरी कमी. मी दर दिवाळीत अगदी बारीक वर्गवारी करायचो, पेचकसांचीसुद्धा उंचीनुसार रांग लावायचो, आणि ती देवदिवाळीपर्यंत टिकायची नाही. यात माझा स्वभाव थोडा दोषी असेल, पण गणित जास्त दोषी आहे. सकाळी कचऱ्याची गाडी येते तेव्हा आधी ओला की सुका एवढंच बघतात. भाजीची देठं आणि फळांची सालं वेगळी करायला सांगितली असती तर आमच्या गल्लीनं पहिल्याच आठवड्यात हात टेकले असते.

ढिगाचा खरा खलनायक मात्र वेगळाच होता: वनस्पती तुपाचा जुना पत्र्याचा डबा. तीस-चाळीस वर्षांचे नट, बोल्ट, वायसर, चुका, स्प्रिंगा, सगळं त्यात. मला हवा असायचा बारीक वायसर, आणि वर दिसायचे अंगठ्याएवढे बोल्ट. मी डबा हलवायचो, म्हणजे बारीक माल वर येईल. व्हायचं नेमकं उलटं.

चिवड्याचा डबा आठवून बघा. वर खोबऱ्याचे काप आणि दाणे, तळाशी शेवेचा चुरा आणि सगळं तिखट-मीठ. डबा हलला की दाण्यांमध्ये क्षणभर फटी पडतात. बारीक दाणा लहानशा फटीतही घसरून खाली जातो. मोठ्याला खाली जायला मोठी फट लागते, आणि तशी फट क्वचितच पडते. त्यामुळे दर हेलकाव्याला बारीक माल खाली आणि मोठा वर. 1987 मध्ये संगणकावर दाण्यांची नक्कल करून हे दाखवलं गेलं. सुक्यामेव्याच्या डब्यात वर येणाऱ्या मोठ्या बियांवरून त्याला ‘ब्राझील नट परिणाम’ म्हणतात. 1993 मध्ये शिकागोतल्या प्रयोगांतून दुसरं कारणही पुढे आलं. हलत्या भांड्यात दाण्यांचा प्रवाह मधून वर चढतो आणि भिंतीला लागून पातळ थरानं खाली उतरतो. मोठा दाणा प्रवाहाबरोबर वर येतो, पण त्या पातळ थरात मावत नाही, म्हणून वरच अडकून राहतो. माझा डबा तर ड्रिल मशीनच्या शेजारी होता. म्हणजे भोक पाडायला मशीन लावली, की वायसर आणखी खोल.

यावर औषध एकच: खोली नको. मिठाईचे उथळ खोके घेतले आणि माल एका थरात पसरला. एकच थर असला की खाली जायला जागाच नाही. बोटांनी चाचपडायचं काम आता डोळे करतात.

डबा वर्तमानपत्रावर उपडा केला तेव्हा मात्र माझं आवडतं दोन-ट्रेचं तत्त्व तोकडं पडलं. सियागंजच्या बाजारात बोल्ट मागितला की दुकानदार विचारतो, “भिया, तीन सूत का दूं, कि दस एमएम?” एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, म्हणून तीन सूत झाले 9.525 मिलिमीटर. दहा एमएमच्या बोल्टशेजारी ठेवला तर चष्मा लावूनही फरक कळत नाही. पण आटे वेगळे. जोसेफ व्हिटवर्थनं 1841 मध्ये इंग्लंडात बोल्टचे आटे प्रमाणित करायची पद्धत मांडली. त्याच्या आट्याचा कोन 55 अंश, मेट्रिकचा 60. तीन सुतीला एका इंचात 16 आटे, म्हणजे दोन आट्यांत 1.59 मिलिमीटर अंतर. दहा एमएमच्या नेहमीच्या बोल्टला हेच अंतर 1.5. दहाचा नट तीन सुतीवर ढिला ढिला चढतो, थोडे फेरे घेतो आणि मग अडतो. आपण समजतो गंज असेल, आणि जोर लावतो. आटे गेलेच समजा.

आपल्याकडे मेट्रिक मापांचा कायदा 1956 चा, पण मिलच्या विलायती मशिनींना त्याची खबर कोण देणार? बाबांचा सगळा माल सुतातला, माझा एमएममधला, आणि दोघांचा संसार एका डब्यात. इथे बारीक वर्गवारी करावीच लागली. दोन ठोकळ्यांवर एकेक ओळखीचा नट पक्का बसवला, एक सुती, एक मेट्रिक. बोल्ट शेवटपर्यंत ज्यात बोटांनी फिरेल त्या खोक्यात जाईल. एक रविवार पुरता गेला. कायम साठवायच्या मालासाठी एवढा वेळ देणं परवडतं, रोजच्या हत्यारांसाठी नाही.

रोजच्या हत्यारांना क्रम लावायचा मी विचारच सोडला. नियम एवढाच, की वापरलेलं हत्यार पुढच्या कडेला ठेवायचं, बाकीची आपोआप मागे सरकतील. हा आळस वाटेल, पण डॅनियल स्लीटर आणि रॉबर्ट टार्जन यांनी 1985 मध्ये संगणकातल्या याद्यांबाबत हेच सिद्ध केलं. मागितलेली वस्तू दर वेळी सर्वांत पुढे आणली, तर पुढे केव्हा काय लागणार हे आधीच ठाऊक असलेल्या माणसाच्या फार तर दुप्पट मेहनत पडते. भविष्य न कळता एवढं साधत असेल तर मला मंजूर आहे. महिन्याभरात पुढे राहिली जेमतेम डझनभर हत्यारं. रंधा आणि गिरमिट पार भिंतीला टेकले, तिथून फळीवर गेले.

डोळ्यांचीही एक खोड आहे. मानसशास्त्रज्ञ ॲन ट्रीझमन यांनी 1980 मध्ये मांडलेल्या सिद्धान्तानुसार, शोधायची वस्तू रंगासारख्या एकाच गुणानं वेगळी असेल तर ती गर्दीतून आपण होऊन नजरेत भरते. नाहीतर एकेक वस्तू तपासत जावं लागतं. पोलादी पान्यांत पोलादी पाना शोधणं हे दुसऱ्या जातीचं काम. म्हणून रोजच्या तीन पान्यांना लाल टेप गुंडाळली. सगळ्यांनाच गुंडाळायचा मोह झाला होता, पण मग लाल रंगाचा उपयोग काय?

खुंट्यांची फळी पान्यांसाठी तेवढी ठेवली, कारण तिथे वेगळीच सोय होते. प्रत्येक पान्याभोवती पेन्सिल फिरवून आकृती काढली. विमानांच्या देखभालीत हत्यारं अशाच कोरलेल्या खाचांत ठेवतात. पेटी मिटताना रिकामी खाच दिसली की इंजिनात काही राहिलं का ते बघता येतं. काय आहे हे शोधायला वेळ लागतो, काय नाही हे मोकळी जागा लगेच सांगते.

माझ्या फळीवर सगळे पाने लागले तेव्हा एकच आकृती मोकळी राहिली, दहा-अकराची. म्हणजे तो मेजावर, डब्यात, गॅरेजात कुठेच नव्हता. घरात जाऊन विचारलं.

“कूलरच्या स्टँडचे नट आवळायला मीच नेला होता,” बायको म्हणाली. “एप्रिलमध्ये. कूलरवरच असेल बघ.”