पिकअपचं एक्झॉस्ट आणि ट्यूनिंग : फोर्ड एफ-150

नवीन पिकअपचा कंपनीने दिलेला सायलेन्सर काढून बाहेरचा बसवणं आणि इंजिनच्या कॉम्प्युटरमधलं प्रोग्रॅमिंग बदलणं (म्हणजेच ट्यून), ही दोन कामं अमेरिकेत बहुतेक जोडीनेच केली जातात. पण आवाज एक्झॉस्ट (धूर बाहेर नेणारे पाइप आणि सायलेन्सर) देतं आणि ताकद ट्यून देतो, हे पैसे घालण्याआधीच डोक्यात पक्कं असलेलं बरं.

एफ-150 मध्ये 3.5 लिटरचं टर्बो इकोबूस्ट इंजिन (टर्बो म्हणजे धुराच्या जोरावर फिरून इंजिनात जास्त हवा ढकलणारा पंप) 2011 च्या मॉडेलपासून आलं, आणि 2021 च्या मॉडेलमध्ये ते 400 हॉर्सपॉवर, 500 पाउंड-फूट टॉर्क देतं. यात सगळ्यात जास्त बसवतात ते 'कॅट-बॅक', म्हणजे कॅटॅलिटिक कन्व्हर्टरच्या (धुरातले विषारी वायू कमी करणाऱ्या डब्याच्या) मागचा सगळा भाग, पाइप, मफलर (सायलेन्सर) आणि टोकाची टिप. बोर्ला, मॅग्नाफ्लो, फ्लोमास्टर ही त्यातली मोठी नावं. टर्बो इंजिनात धुराची वाट मुळात टर्बोच अडवतो, त्यामुळे नुसत्या कॅट-बॅकने पॉवर नाममात्रच वाढते. स्टील शक्यतो 304 ग्रेडचं घ्यावं, कारण बर्फ पडतो तिथे रस्त्यावर मीठ टाकतात आणि हलक्या पाइपला त्याने लवकर गंज धरतो.

खरी डोकेदुखी म्हणजे ड्रोन. हायवेवर 1500 ते 2000 आरपीएमला केबिनमध्ये एकसुरी घुंऽऽ चालू राहतं, आणि 10 गिअरची ऑटोमॅटिक गाडी नेमकी याच आरपीएममध्ये तासन्‌तास पळते, त्यामुळे लांबच्या प्रवासात डोकं उठतं. दुकानात जागेवर रेस करून ऐकलं तर हे कळतच नाही.

बसवताना पाइप लटकवणाऱ्या रबराच्या हँगरना साबणाचं पाणी लावलं की ते सटकन निघतात, आणि सगळे क्लॅम्प आधी सैलच ठेवून पाइप सरळ रांगेत, स्टेपनीला न घासणारा असा बसला की मगच पुढून मागे आवळत यायचं, आणि गाडी तापून थंड झाली की परत एकदा.

ट्यूनमध्ये बूस्ट (टर्बोच्या हवेचा दाब), इग्निशन टायमिंग (ठिणगी पडायची वेळ) आणि पेट्रोलचं प्रमाण बदलतात, तेही ओबीडी पोर्टमधून, म्हणजे गाडीचा कॉम्प्युटर तपासायच्या सॉकेटमधून. बूस्ट वाढला की ठिणगी विझू शकते म्हणून स्पार्क प्लगचा गॅप थोडा कमी करतात. पेट्रोल 91 किंवा 93 ऑक्टेनचं लागतं (अमेरिकेतलं साधं पेट्रोल 87 चं, आणि तिथला 87 म्हणजे आपल्याकडचा साधारण 91, मोजायची पद्धत वेगळी आहे), साधं भरलं तर इंजिन नॉकिंग करतं (पेट्रोल अवेळी पेटून ठकठक होते) आणि मागे जड ट्रेलर असेल तर त्याचा धोका फारच वाढतो. कंपनीच्या प्रोग्रॅमिंगची मूळ फाइल जपून ठेवायचीच.

कन्व्हर्टर काढणं मात्र अमेरिकेच्या क्लीन एअर अ‍ॅक्टखाली बेकायदा आहे आणि ते करूच नये. तिथल्या पर्यावरण खात्याने, ईपीएने, 2020 मध्ये सांगितलं की आधीच्या दशकभरात साडेपाच लाखांहून जास्त डिझेल पिकअपची धूर नियंत्रण यंत्रणा काढून टाकली गेली होती, आणि तो सगळा धूर लोकांच्याच छातीत गेला. वॉरंटीबाबत 1975 चा मॅग्नसन-मॉस कायदा आहे, नुसता बाहेरचा पार्ट लावला म्हणून वॉरंटी सरसकट नाकारता येत नाही, बिघाड त्या पार्टमुळेच झाला हे दाखवावं लागतं. पण ट्यूनचा माग कॉम्प्युटरमध्ये राहू शकतो आणि इंजिन किंवा गिअरबॉक्स गेला तर वाद तिथेच होतो.

आपल्याकडे व्ही-क्रॉस आणि हायलक्स या पिकअपवाले ट्यूनलाच रिमॅप म्हणतात. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 प्रमाणे गाडीत मूळ स्पेसिफिकेशनपेक्षा वेगळा बदल करता येत नाही, आणि बीएस-6 डिझेलमधला डीपीएफ (धुरातली काजळी अडवणारा फिल्टर) काढला तर पीयूसीचाही प्रश्न येतो.