लिस्बनची २८ नंबरची ट्राम : बसण्यापूर्वी एवढं वाचून घ्या

आमच्या पोर्तुगाल सहलीसाठी नाव नोंदवणारे बहुतेक जण पहिली चौकशी पिवळ्या ट्रामची करतात. त्यातही मुंबईची ट्राम पाहिलेली मंडळी जास्त हौसेने विचारतात. मुंबईत विजेची ट्राम १९०७ मध्ये आली आणि ३१ मार्च १९६४ ला कायमची बंद झाली. लिस्बनमध्ये ती १९०१ पासून आजतागायत धावते आहे. ही फेरी सुखाची व्हावी म्हणून थोडी माहिती आधीच देत आहोत.

सर्वात आधी एक गोष्ट ध्यानात असू द्या. २८ नंबर ही तिथल्या सार्वजनिक वाहतुकीची गाडी आहे, चालवते कारिश ही शहराची वाहतूक संस्था. बाजाराची पिशवी घेतलेल्या आजी, शाळकरी मुलं, कामावर निघालेली माणसं याच ट्रामने जातात. गाडीत जेमतेम २० आसनं. त्यामुळे आपला अख्खा गट आम्ही एका ट्राममध्ये कधीच चढवत नाही. चार-चार जण पाठोपाठच्या गाड्यांनी जातात आणि पुढे ठरलेल्या थांब्यावर भेटतात. यावर कधीमधी नाराजी होते, पण आमचा हा नियम पक्का आहे. आपल्यामुळे तिथल्या वयस्कर माणसाला थांब्यावर ताटकळत राहावं लागू नये.

गाडी जुनी, यंत्रणा नवी

या गाड्यांचे सांगाडे १९३०-४० च्या दशकांतले. आत लाकडी चौकटी, पितळी मुठी, करकरणारी जमीन. १९९०च्या दशकाच्या मध्यात त्यांना नव्या मोटारी आणि नवे ब्रेक बसवले. मग सरळ नवी लांब ट्राम का नाही आणली? कारण ती या रस्त्यांवर वळणारच नाही. रुळांमधलं अंतर अवघं ९०० मिलिमीटर, मोड काटकोनी आणि चढ असा की बाईशा आणि शियादो या शहरभागांच्या मधल्या साँ फ्रान्सिश्कु उतारावर शंभर मीटरमागे १३ मीटरहून जास्त उंची चढावी लागते. इथे दातेरी रूळ नाहीत की ओढणारा दोर नाही, लोखंडी चाकं लोखंडी रुळांना धरून चढतात. रूळ ओले असले की चाकांपुढे वाळू सोडतात, म्हणजे चाक घसरत नाही. चालकाशेजारी जागा मिळाली तर त्याच्या हातांकडे बघा, मात्र त्याच्याशी बोलू नका.

३ सप्टेंबर २०२५ ला लिस्बनमधल्याच ग्लोरिया उतारावरच्या गाडीला अपघात झाला आणि १६ जण दगावले. तेव्हापासून सुरक्षिततेबद्दल विचारणा होते, आणि ती व्हायलाच हवी. ती फ्युनिक्युलर होती : केबलने एकमेकींना जोडलेल्या दोन गाड्या. ती केबल सुटली. २८ नंबर स्वतःच्या मोटारीवर चालते आणि स्वतःच्या ब्रेकने थांबते.

कुठून चढायचं

बहुतेक पर्यटक मार्तिम मोनीशला रांग लावतात आणि उन्हात बराच वेळ उभे राहतात. आपण दुसऱ्या टोकाला, प्राझेरेश दफनभूमीसमोरच्या कांपो दे ओरिकला चढतो, तेही सकाळी लवकर. तिथे सहसा बसायला जागा मिळते. जागा उजवीकडची पकडा.

मार्ग साधारण ७ किलोमीटरचा. आधी एश्त्रेलाचं पांढरं घुमटाचं चर्च, मग उताराने संसदेच्या इमारतीपर्यंत, पुन्हा चढून कामोंइश चौक. चौकात पुतळा आहे तो कवी लुईश दे कामोंइशचा. सोळाव्या शतकात हा कवी काही वर्षं गोव्यात राहिला होता. पणजी-जुनं गोवं पाहिलेल्यांनी इथे मान वर करून बघावंच. पुढे गाडी खाली बाईशात उतरते. १ नोव्हेंबर १७५५ च्या भूकंपानंतर हा भाग राजाचा मंत्री पोंबाल याच्या देखरेखीखाली नव्याने वसवला, म्हणून इथले रस्ते सरळ, चौकोनी. अल्फामा टेकडी बरीचशी वाचली, तिथल्या गल्ल्या जुन्याच वळणाच्या राहिल्या. सलग एका फेरीत हे दोन्ही पाहिलं की भूकंपाने काय केलं ते पुस्तकाशिवाय कळतं.

बाराव्या शतकातलं से कॅथेड्रल उजव्या हाताला येतं, पाठोपाठ सांता लुझियाजवळ घरांच्या कौलांवरून तेजू नदी दिसते. त्यानंतरच्या एश्कोलाश जेराइश गल्लीत रूळ एकेरी होतो. समोरची ट्राम सिग्नलला थांबते, पायी चाललेली माणसं भिंतीला पाठ लावून उभी राहतात, दारातल्या कुंड्या हाताच्या अंतरावर येतात. हात लावायचा मोह होईल. हात, डोकं, मोबाइल सगळं आत ठेवा. इथे काही इंचांचाच प्रश्न असतो.

तिकीट, पाकीट, गुडघे

चालकाकडे तिकीट मिळतं, पण महाग पडतं. आम्ही प्रत्येकाला नावेगान्ते कार्डावर २४ तासांचा पास काढून देतो. तो मेट्रो आणि बसलाही चालतो. पुढच्या दाराने चढा, कार्ड यंत्राला लावा, उतरताना मागचं दार. शेवटच्या थांब्यावर सगळ्यांना उतरावं लागतं, बसून परतता येत नाही.

खिसेकापू या मार्गावर हमखास असतात, चढतानाच्या गर्दीत तर फारच. पासपोर्ट हॉटेलच्या तिजोरीत राहू द्या. पर्स पोटाशी, मागच्या खिशात काहीही नको.

पायऱ्या उंच आहेत आणि व्हीलचेअर चढत नाही. गुडघ्यांचा त्रास असेल तर नोंदणी करतानाच सांगा. टेकडीवरच्या साँ जोर्ज किल्ल्यापर्यंत ७३७ नंबरची बस जाते, आपला एक सहकारी तुमच्यासोबत येईल. २८ ला फारच गर्दी असली तर आम्ही कामोंइश चौकातून कांपोलीदला जाणारी २४ नंबर घेतो. त्याच जुन्या गाड्या, चढ तसेच आणि गर्दी कमी. हा मार्ग बरीच वर्षं बंद राहून २०१८ मध्ये पुन्हा सुरू झाला. आमच्या मते खिडकीपाशी निवांत बसायचं असेल तर हीच बरी. दोन्हींपैकी कोणती हवी ते निघण्यापूर्वीच्या बैठकीत सांगा, म्हणजे त्याप्रमाणे चौघांचे गट पाडता येतील.