129 टनांचा डबा आणि बोटभर रूळ

रेल्वेच्या डब्याचं वजन पावणेदोन पट झालं तर रुळावरचा दाबही पावणेदोन पट होणार, असं बहुतेकांना वाटतं. तसं होत नाही, आणि याचं कारण मला फार सुंदर वाटतं.

‘फर्डिनांड मॅगेलन’ हा डबा अमेरिकेच्या पुलमन कंपनीने 1929 मध्ये बांधला. श्रीमंत गिऱ्हाइकांनी तो अख्खा भाड्याने घ्यायचा. 1942 मध्ये, ऐन महायुद्धात, तो राष्ट्राध्यक्ष रुझवेल्ट यांच्यासाठी निवडला गेला. बाजू, छत, तळ सगळीकडे 16 मिलिमीटर जाडीचं पोलाद बसलं, खिडक्यांना 76 मिलिमीटरची बुलेटप्रूफ काच आली. सुमारे 73 टनांचा डबा 129 टनांचा झाला. (‘बुलेटप्रूफ’ म्हणजे अभेद्य, ही जाहिरातबाजी आहे. कुठलंही चिलखत ठरावीक गोळीला, ठरावीक वेगापर्यंतच दाद देत नाही.)

आता रुळाकडे या. बारा चाकं, म्हणजे प्रत्येकी पावणेअकरा टन. चाक रुळाला जेमतेम नखाएवढ्या जागेत टेकतं. दाब म्हणजे बल भागिले क्षेत्रफळ, हे आपण शाळेत शिकतो, पण उदाहरणं सोडवताना क्षेत्रफळ कायम धरतो. इथे ते कायम नसतं. पोलाद लवचीक आहे. भार वाढला की चाक आणि रूळ दोन्ही किंचित चपटे होतात, टेकण्याची जागा पसरते, भार सरला की पूर्ववत होतात. जर्मन भौतिकशास्त्रज्ञ हाइनरिश हर्ट्झ यांनी 1880 च्या दशकात याचं गणित मांडलं: जागा भाराच्या दोन-तृतीयांश घाताने वाढते, म्हणून दाब भाराच्या फक्त घनमुळाने वाढतो. भार 1.78 पट, त्याचं घनमूळ 1.21. रुळाच्या माथ्यावरचा दाब एकवीस टक्केच वाढला! खालच्या स्लीपरना (रूळ ज्यांवर बसतात त्या आडव्या पट्ट्यांना), खडीला आणि पुलांना मात्र ही सवलत नाही. त्यांच्यावर वाढलेलं वजन पुरतं येतं. म्हणून असे जड डबे आठऐवजी बारा चाकांवर ठेवत.

हा डबा पुढे 1 डॉलर एवढ्या नाममात्र किमतीत सरकारच्या मालकीचा झाला. 1948 च्या निवडणुकीत राष्ट्राध्यक्ष ट्रुमन यांनी त्याच्या मागच्या सज्जातून गावोगावी भाषणं केली. त्यांच्यानंतरचे राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांनी तो क्वचितच वापरला. 1958 मध्ये सरकारने तो अतिरिक्त ठरवला आणि पुढच्याच वर्षी फ्लोरिडातल्या गोल्ड कोस्ट रेल्वे संग्रहालयाला दिला. 1984 मध्ये राष्ट्राध्यक्ष रेगन यांनी प्रचारासाठी तो एक दिवस ओहायोत फिरवला. 1985 मध्ये त्याला राष्ट्रीय ऐतिहासिक वारशाचा दर्जा मिळाला.