हळदीचे तीन 'पीक'

सांगलीत पीक म्हटलं की ते शेतातलं. कुपवाड एमआयडीसीतल्या लॅबमध्ये मात्र 'पीक आलं का?' म्हणजे स्क्रीनवरची रेघ वर गेली का. हळदीचा अर्क एचपीएलसीला, म्हणजे दाबानं द्रव ढकलून मिश्रणातले घटक सुटे करणाऱ्या यंत्राला, लावला की ४२५ नॅनोमीटरच्या आसपासच्या तरंगलांबीच्या प्रकाशात तीन शेंडे एकामागोमाग उठतात. बिसडिमिथॉक्सीकर्क्युमिन आधी, डिमिथॉक्सीकर्क्युमिन मधे आणि शेवटी सगळ्यात उंच, हळदीचं मुख्य पिवळं रंगद्रव्य, खुद्द कर्क्युमिन.

या तंत्राचा जन्मही रंगातलाच. वॉर्सात काम करणाऱ्या मिखाईल त्स्वेत या रशियन वनस्पतिशास्त्रज्ञानं खडूची भुकटी ठासलेल्या काचनळीतून पानांचा अर्क झिरपू दिला. नळीत हिरवे-पिवळे पट्टे सुटे झाले. १९०६ मध्ये त्यानं याला 'क्रोमॅटोग्राफी', म्हणजे रंगलेखन, म्हटलं. रशियनमध्ये 'त्स्वेत' म्हणजेच रंग, त्यामुळं नाव पट्ट्यांवरून ठेवलं की स्वतःवरून, अशी थट्टा आजही होते. रसायनवाल्यांनी त्याला फारसं मनावर घेतलं नाही. १९३१ मध्ये हायडेलबर्गला कून आणि लेडरर या रसायनशास्त्रज्ञांनी कॅरोटिनॉइड्स, म्हणजे गाजरासारख्यातली पिवळी-केशरी रंगद्रव्यं, वेगळे करून दाखवले, तेव्हा कुठं ही नळी पुन्हा बाहेर निघाली.

१९४१ मध्ये मार्टिन आणि सिंज यांनी लोकरीतली अमिनो आम्लं वेगळी करताना लिहून ठेवलं होतं, की नळीत भरायचे कण अगदी बारीक घ्या आणि दाब वाढवा. १९५२ चं नोबेल दोघांना मिळालं. पण तो दाब पेलणारी यंत्रं साठच्या दशकातच आली, अमेरिकेतल्या येल विद्यापीठाच्या होर्वाथ यांच्यासारख्यांच्या खटपटीतून. औषधांना याचा मोठा फायदा झाला. पॅरासिटामॉलमध्ये ४-अमिनोफिनॉल या अशुद्धीचा अंश उरला असेल, तर तो वेगळा दिसतो आणि मोजताही येतो.

रेझिनची, म्हणजे इपॉक्सीसारख्या चिकट पॉलिमरची, वाट निराळी. त्यात रेणूंच्या लहान-मोठ्या साखळ्या एकत्र असतात आणि त्यांचं प्रमाण बदललं की घट्टपणा बदलतो. १९६४ मध्ये डाऊ कंपनीच्या जॉन मूर यांनी पॉलिस्टायरीनच्या सच्छिद्र मण्यांचा कॉलम, म्हणजे मणी भरलेली नळी, मांडला. त्यात मोठा रेणू आधी बाहेर पडतो. गणपती पेठेतून हातगाडी सरळ निघून जाते, पोरगं मात्र दिसेल त्या बोळात शिरतं, तसंच.

आमच्याकडे घोळ होतो तो शब्दाचा. हळदीचा चिकट अर्क म्हणजे ओलिओरेझिन, बोलताना नुसतं रेझिन. एकदा 'रेझिनचा सॅम्पल' एवढंच ऐकून मी टेट्राहायड्रोफ्युरान या द्रावकात विरघळवलेलं इपॉक्सी हळदीच्या सी-१८ कॉलमला दिलं. मोबाइल फेजमध्ये, म्हणजे कॉलममधून वाहणाऱ्या द्रवात, निम्मं पाणी. पाण्यात न विरघळणारं इपॉक्सी कॉलमच्या तोंडाशीच साकळलं, दाब चढत गेला आणि पंप बंद पडला. मग कॉलम उलटा जोडून संध्याकाळपर्यंत धूत बसलो. आता बाटलीवर 'हळद' किंवा 'इपॉक्सी' लिहिलेलं नसेल, तर सॅम्पल घेतच नाही.