कसाबला वकील मिळाला, तो मेहेरबानी म्हणून नव्हे

‘कसाबला सरकारने वकील का दिला? थेट फाशीच द्यायची होती!’ हे वाक्य वर्षानुवर्षं फिरतंय. २६/११ ला १६६ माणसं गेली, त्यामुळे हा संताप मलाही समजतो. पण त्यामागचा समज चुकीचा आहे.

अटक झालेल्याला वकील करण्याचा हक्क राज्यघटनेच्या कलम २२(१) ने दिला आहे, आणि तो फक्त भारतीय नागरिकांपुरता नाही. ऐपत नसेल तर वकील सरकारने द्यायचा, हे सर्वोच्च न्यायालयाच्या हुसैनारा खातून प्रकरणात (बिहारच्या तुरुंगांत खितपत पडलेल्या कच्च्या कैद्यांचं प्रकरण) १९७९ मध्येच ठरलं. ‘याचं वकीलपत्र कुणी घेऊ नये’ असे वकील संघटनांचे ठराव सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये बेकायदा ठरवले.

कसाबने सुरुवातीला भारतीय वकील नाकारला होता. त्याच्याच अपिलात, २०१२ मध्ये, न्यायालयाने बजावलं की आरोपीला पहिल्यांदा समोर आणतील तेव्हाच दंडाधिकाऱ्याने त्याला या हक्काची कल्पना द्यायची. त्याने मागण्याची वाट बघायची नाही. याच निकालात फाशी कायम झाली. म्हणजे वकील दिल्याने तो सुटला नाही, उलट खटला कायद्याच्या कसोटीवर टिकला.

हा हक्क सर्वांत जास्त लागतो तो किरकोळ गुन्ह्यात कोठडीत अडकलेल्या गरिबाला. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्यात कोठडीतल्या व्यक्तीला मोफत वकील मिळण्यासाठी उत्पन्नाची अटच नाही. घरचं कुणी आत असेल तर जिल्हा न्यायालयातल्या विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करा.